वाचक विचारतात : वनस्पतींतली संयुगे मूत्रपिंडाच्या पेशी खरेच वाचवतात का?

क्वेर्सेटिन, कर्क्युमिन, सल्फोराफेन, बर्बेरीन अशा नावांभोवती फिरणारी बरीच पत्रे या वेळी आली. काही प्रयोगशाळेतून आली, काही रुग्णांकडून. विचारण्याची पद्धत वेगळी असली तरी दोघांनाही हेच जाणून घ्यायचे आहे की काचेच्या तबकडीत पेशी वाचवणारा पदार्थ माणसाचे मूत्रपिंड वाचवतो का. म्हणून उत्तरे एकाच ठिकाणी देत आहोत.

प्रश्न : विषारी औषधांचा घाव नेमका मूत्रपिंडावरच का बसतो? आणि एखादे संयुग पेशीला ‘वाचवते’ म्हणजे काय करते?

उत्तर : हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बराचसा भाग परत शोषून घेण्याचे काम गाळणीला लागून असलेल्या पहिल्या नळीकडे, म्हणजे समीपस्थ नलिकेकडे असते. या कामाला ऊर्जा फार लागते, म्हणून तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या असतात. शिवाय रक्तातले नको ते पदार्थ ओढून लघवीत टाकण्यासाठी या पेशींच्या भिंतीत वाहक प्रथिनांची खास दारे असतात. कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन ‘ओसीटी-२’ नावाच्या अशाच दारातून आत शिरते आणि रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात पेशीत साठते. त्यातही या नलिकेचा शेवटचा सरळ तुकडा ज्या भागात असतो, तिथे ऑक्सिजन मुळातच बेताचा असतो. म्हणून औषधाचा मारा असो की रक्तपुरवठा तुटलेला असो, पहिल्यांदा मरतात त्या याच पेशी.

‘वाचवणे’ या एका शब्दाखाली मात्र चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. विष पेशीत शिरूच न देणे, आत तयार झालेल्या मुक्त मूलकांना (पेशीला इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंना) स्वतः भिडून निष्प्रभ करणे, पेशीची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करणे, आणि दाह किंवा पेशीमृत्यूची साखळी मध्येच तोडणे. यातल्या दुसऱ्या दाव्यावर आमचा सर्वांत कमी विश्वास आहे. पेशीत ग्लुटाथायोन हा स्वतःचा रक्षक मिलिमोलर प्रमाणात असतो, तर तोंडाने घेतलेले वनस्पतीजन्य संयुग रक्तात फार तर एखाद-दोन मायक्रोमोलरपर्यंत (मायक्रोमोलर म्हणजे मिलिमोलरचा हजारावा भाग) पोहोचते. हजारपट मोठ्या फौजेत एक शिपाई वाढवून लढाईचा निकाल बदलत नाही. तिसरा मार्ग जास्त पटण्यासारखा आहे. सल्फोराफेन ‘कीप-१’ या प्रथिनातल्या एका विशिष्ट सिस्टीनला चिकटते, त्यामुळे त्याने धरून ठेवलेले ‘एनआरएफ-२’ हे दुसरे प्रथिन मोकळे होते, केंद्रकात जाते आणि संरक्षक विकरांची जनुके चालू करते. इथे थोड्या रेणूंनी मोठे काम होऊ शकते.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. एचके-२ पेशींना (माणसाच्या समीपस्थ नलिकेपासून तयार केलेल्या) २० मायक्रोमोलर सिस्प्लॅटिन २४ तास देते. सोबत ५० मायक्रोमोलर क्वेर्सेटिन दिले की एमटीटी चाचणीत जिवंत पेशी ११५ टक्के येतात, म्हणजे काहीच न दिलेल्या पेशींपेक्षाही जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या दिसतात. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : सूक्ष्मदर्शकावर. एमटीटी हा पिवळा क्षार जिवंत पेशींतली विकरे जांभळ्या फॉर्मझानमध्ये बदलतात, म्हणून जांभळा रंग म्हणजे जीव असे आपण धरतो. पण क्वेर्सेटिनसारखे क्षपणक्षम (इलेक्ट्रॉन देऊ शकणारे) फ्लेव्होनॉइड हेच काम पेशी नसतानाही करते. तुमच्या ११५ टक्क्यांतला काही रंग क्वेर्सेटिनचा आहे.

पडताळा सोपा आहे. त्याच प्लेटमध्ये सहा विवरे (खळगे) पेशींविना ठेवा. तेच माध्यम, तेवढेच क्वेर्सेटिन, तेवढेच एमटीटी घाला आणि तेवढाच वेळ थांबा. ती जांभळी झाली तर दोष सापडला. मात्र तो आकडा नुसता वजा करून भागणार नाही, कारण पेशी असलेल्या विवरात २४ तासांत क्वेर्सेटिनचे बरेच रूपांतर झालेले असते आणि उरलेले प्रमाण वेगळे असते. माध्यम पूर्ण काढा, कोमट फॉस्फेट बफर सलाईनने दोनदा हलक्या हाताने धुवा, मग ताज्या माध्यमात प्रतिमिलिलिटर ०.५ मिलिग्रॅम एमटीटी घालून दोन ते चार तास ठेवा, फॉर्मझान विरघळवा आणि ५७० नॅनोमीटरला वाचा. सुटलेल्या पेशी धुताना निघून जातील, आणि त्या जाणेच योग्य आहे.

मग वेगळ्या तत्त्वावरची दुसरी चाचणी जोडा. बरेच जण एलडीएच गळती, म्हणजे मेलेल्या पेशीतून माध्यमात सांडणारे विकर मोजणे, निवडतात. पण तिच्या अनेक किटमध्येही शेवटचा रंग एमटीटीच्याच जातीच्या टेट्राझोलियम क्षाराचा असतो आणि ती थेट माध्यमावर केली जाते. म्हणजे क्वेर्सेटिन तिथेही ढवळाढवळ करणार. माध्यमात घातलेल्या सीरममध्ये स्वतःचे एलडीएच असते, तेही मोजणीत येते. मेलेल्या पेशी निळ्या करणारे ट्रिपॅन ब्लू लावून सरळ पेशी मोजणे कंटाळवाणे आहे, पण तिथे फसगत कमी.

आता तुमच्या पत्रात न आलेल्या, पण तपासाव्याशा वाटणाऱ्या गोष्टी. सिस्प्लॅटिन कशात विरघळवले? डीएमएसओ या द्रावकात असेल तर ते स्टॉक (साठवणीचे घट्ट द्रावण) फेकून द्या. डीएमएसओतले गंधक प्लॅटिनमला चिकटते आणि औषधाची धार जाते. सिस्प्लॅटिनचे द्रावण ०.९ टक्के सलाईनमध्ये, प्रतिमिलिलिटर १ मिलिग्रॅमच्या आत करावे, उजेडापासून जपावे, फ्रिजमध्ये ठेवू नये (स्फटिक खाली बसतात) आणि ॲल्युमिनियम असलेल्या सुईला लागू देऊ नये. क्वेर्सेटिनचे डीएमएसओतले स्टॉक आणि सिस्प्लॅटिन एकाच नळीत मिसळून मग विवरात घालण्याची सवय तर सर्वांत घातक. तिथे पेशीला नव्हे, नळीतच औषधाला ‘शांत’ केले जाते.

क्वेर्सेटिनचे वजन करताना डबीवर ‘डायहायड्रेट’ लिहिले आहे का ते बघा. निर्जल रूपाचा रेणूभार ३०२.२ आहे, डायहायड्रेटचा ३३८.३. म्हणजे १० मिलिमोलरच्या एक मिलिलिटर स्टॉकला एकाचे ३.०२ मिलिग्रॅम लागते, दुसऱ्याचे ३.३८. आणि १० मिलिमोलर स्टॉकमधून ५० मायक्रोमोलर गाठायचे तर माध्यमात ०.५ टक्का डीएमएसओ जातो, तो जास्त आहे. ५० मिलिमोलरचे स्टॉक करा, म्हणजे ०.१ टक्क्यात भागेल. तेवढाच डीएमएसओ सर्व विवरांत, अगदी कंट्रोलमध्येही गेला पाहिजे.

सिस्प्लॅटिनची मात्राही उसनी घेऊ नका. ५, १०, २०, ४० मायक्रोमोलर अशी मालिका लावून तुमच्या पेशींत ४० ते ५० टक्के मृत्यू घडवणारी मात्रा निवडा. नव्वद टक्के पेशी मरत असतील तर चांगले संयुगही हरेल, आणि दहाच टक्के मरत असतील तर काहीही जिंकेल.

शेवटी क्रम बदलून बघा. क्वेर्सेटिन आधी काही तास द्या, धुवून टाका, मग सिस्प्लॅटिन. संरक्षण टिकले तर पेशीच्या आत काहीतरी बदलले आहे. दोन्ही एकत्र असतानाच ते दिसत असेल तर पेशीबाहेरची रासायनिक गाठभेट किंवा दार अडवणे, असा संशय घ्यावा. पेशीतले प्लॅटिनम आयसीपी-एमएसवर (धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता आले तर तो वाद मिटतो. दार अडवले गेले असेल तर ते कमी प्रतीचे यश नाही. ओसीटी-२ मुख्यतः मूत्रपिंडातच असते, त्यामुळे कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींना औषध मिळत राहून मूत्रपिंड वाचेल. फक्त प्रबंधात ‘ऑक्सिडीकरणरोधक’ (अँटिऑक्सिडंट) असे लिहू नका, जे घडले तेच लिहा. एक मर्यादाही नोंदवा : एचके-२सारख्या अमर केलेल्या पेशींत मूळ नलिकेतली बरीच दारे उरलेली नसतात. ओएटी-१ आणि ओएटी-३ ही दारे तर जवळपास नसतातच.

प्रश्न : हाच त्रास कर्क्युमिन आणि हिरव्या चहातल्या ईजीसीजीच्या बाबतीतही होतो का?

उत्तर : होतो, आणि वेगळ्या वाटेने होतो. कर्क्युमिन स्वतः चमकते. डीसीएफ रंगद्रव्याने मुक्त मूलके मोजताना तीच तरंगलांबी गढूळ होते, म्हणून रंगद्रव्य न घातलेला कंट्रोल हवाच. शिवाय शरीराच्या तापमानाला, उदासीनच्या जवळच्या सामूला, सीरम नसलेल्या माध्यमात कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. दहा टक्के सीरम असेल तर निम्मे सुमारे आठ तास टिकते. म्हणजे २४ तासांनी दिसणारा परिणाम कर्क्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा, हा प्रश्न उरतोच. ईजीसीजी माध्यमातच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. त्या सौम्य माराने पेशी सावध होतात आणि पुढचा घाव सोसतात. माध्यमात पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज हे विकर घालून प्रयोग पुन्हा करा. संरक्षण नाहीसे झाले तर ते पेरॉक्साइडचे होते, ईजीसीजीचे नव्हे.

प्रश्न : उंदरांत किलोमागे १०० मिलिग्रॅम मात्रेने मूत्रपिंड वाचले, असे निबंधात वाचले. साठ किलोच्या माणसाला सहा ग्रॅम, असा हिशेब बरोबर आहे का?

उत्तर : नाही. मात्रा शरीराच्या पृष्ठफळाशी जुळवतात. छोट्या उंदराची किलोमागची मात्रा १२.३ने आणि मोठ्या उंदराची ६.२ने भागावी. छोट्या उंदराचे १०० मिलिग्रॅम माणसात किलोमागे ८.१ होते, म्हणजे साठ किलोला सुमारे ४९० मिलिग्रॅम. पण हा हिशेब नव्या औषधाच्या चाचणीत सुरुवातीची मात्रा ठरवण्यासाठी आहे, घरी कॅप्सूल मोजण्यासाठी नाही.

त्याआधी बघायचे ते हे की उंदराला पदार्थ पोटाच्या पोकळीत टोचला होता की तोंडाने दिला होता. टोचलेला पदार्थ आतड्यातल्या रूपांतराचा मोठा अडथळा टाळतो. तोंडाने घेतलेले क्वेर्सेटिन रक्तात बहुतांश ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट जोडलेल्या रूपात फिरते. तबकडीत वापरलेला मोकळा रेणू तिथे क्वचितच भेटतो. माणसांना एका वेळी ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या आसपास आली होती. पेशींवरच्या निबंधात २० किंवा ५० मायक्रोमोलर दिसले की हा आकडा आठवा.

प्राण्यांवरच्या प्रयोगात आणखी एक खाच असते, तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. सिस्प्लॅटिनचा एकच मोठा डोस, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास, दिलेला उंदीर खाणे-पिणे सोडतो. त्याच्या रक्तातला युरिया काही अंशी नुसत्या पाण्याच्या तुटीने वाढतो. संयुगाने त्याची भूक टिकवली तरी युरिया कमी दिसेल, नलिकांना काही फायदा झालेला नसला तरी. म्हणून रोजचे वजन आणि प्यायलेले पाणी नोंदवलेले असावे, क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) पिक्रिक आम्लाच्या जुन्या रंगचाचणीऐवजी विकरपद्धतीने मोजलेले असावे, किम-१ आणि एनगॅल ही इजेची चिन्हे पाहिलेली असावीत. मूत्रपिंडाच्या कापांच्या काचपट्ट्या कोणत्या गटाच्या हे माहीत नसलेल्या माणसाने त्यांना गुण दिलेले असावेत. आठवड्याला थोडा थोडा, चार आठवडे सिस्प्लॅटिन देण्याची पद्धत प्रत्यक्ष उपचाराच्या जास्त जवळची आहे.

आणि वेळ! बहुतेक प्रयोगांत संयुग इजेच्या आधी दिलेले असते. केमोथेरपीत तारीख माहीत असते, तिथे ते मान्य. जंतुसंसर्गाने किंवा रक्तदाब कोसळून मूत्रपिंड बंद पडलेला रुग्ण मात्र इजा झाल्यावरच डॉक्टरपुढे येतो. नंतर देऊन उपयोग झाला का, हे शोधा. पुष्कळदा ते तपासलेलेच नसते.

प्रश्न : इतक्या संशोधनातून एक तरी वनस्पतीजन्य संयुग खऱ्या रुग्णाच्या मूत्रपिंडापर्यंत पोहोचले आहे का?

उत्तर : पोहोचले आहे, पण रूप बदलून. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळे केले गेले. ते दिल्यावर लघवीत साखर येते, हे १८८६मध्ये दाखवले गेले. नलिकेतून साखर परत शोषणाऱ्या वाहकांना ते अडवते. पण औषध म्हणून ते निरुपयोगी ठरले. आतड्यातले विकर त्याचा साखरेचा भाग तोडून टाकते, आणि ते आतड्यातल्या एसजीएलटी-१ वाहकालाही अडवत असल्याने जुलाब लागतात. रसायनशास्त्रज्ञांनी साखर आणि उरलेला रेणू यांच्यातला ऑक्सिजनचा दुवा काढून तिथे थेट कार्बनचा दुवा बसवला. तो विकराला तुटत नाही. रेणूही असा घडवला की तो मुख्यतः मूत्रपिंडातल्या एसजीएलटी-२लाच अडवेल. डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही याच घराण्यातली औषधे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीत ४,३०४ रुग्ण होते. मूत्रपिंडाची मोठी घसरण, ते निकामी होणे किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकाराने मृत्यू, यांतले काहीतरी डापाग्लिफ्लोझिन गटात ९.२ टक्क्यांना झाले, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १४.५ टक्क्यांना. यात मुक्त मूलकांशी झुंज हे मुख्य कारण नाही. नळीत पुढे जास्त सोडियम पोहोचते, गाळणीकडे येणारी धमनी थोडी आवळते, गाळणीवरचा दाब उतरतो आणि समीपस्थ नलिकेचे शोषणाचे श्रमही हलके होतात.

दुसरी गोष्ट तितकीच शिकवणारी आहे. अनेक वनस्पतींत सापडणाऱ्या ओलिअनॉलिक आम्लापासून बार्डॉक्सोलोन मिथाइल तयार केले गेले. एनआरएफ-२ जागवणारा फार ताकदवान पदार्थ. मधुमेह आणि चौथ्या टप्प्यातला मूत्रपिंडविकार असलेल्या २,१८५ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. गाळण्याचा वेग वाढलेला दिसला, आकडे सुखावणारे होते. पण हृदय अपुरे पडून रुग्णालयात जावे लागणे किंवा मृत्यू, हे औषध घेणाऱ्या ९६ जणांत घडले आणि न घेणाऱ्या ५५ जणांत. रक्तदाब आणि लघवीतले अल्ब्युमिनही वाढले होते. ऑक्टोबर २०१२मध्ये चाचणी थांबवावी लागली. क्रिएटिनिन सुधारले म्हणजे रुग्ण सुधारला, असे धरता येत नाही ते यामुळे.

प्रश्न : माझे क्रिएटिनिन १.८ आहे. नैसर्गिक असल्यामुळे कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणि एक मिश्र वनस्पती अर्क घेऊ लागलो आहे. निदान तोटा तर नाही ना?

उत्तर : तोटा होऊ शकतो, म्हणून दोन्ही सध्या थांबवा आणि डब्यांसह तुमच्या डॉक्टरांना भेटा. पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रपिंड वाचावे म्हणून कॅनडात ६०६ रुग्णांची चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कर्क्युमिनचे २ ग्रॅमचे आठ डोस दिले गेले. फायदा झाला नाही, उलट मूत्रपिंडाला तीव्र इजा कर्क्युमिन गटात १७ टक्क्यांना झाली, दुसऱ्या गटात १० टक्क्यांना. शिवाय हळदीच्या पूरक गोळ्यांतून ऑक्झलेट शरीरात जाऊ शकते. दुबळ्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणे जमत नाही आणि त्याचे स्फटिक नलिकेत अडकतात.

मिश्र अर्काबद्दल काळजी जास्त. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींतले ॲरिस्टोलोकिक आम्ल ओएटी-१ आणि ओएटी-३ या दारांतून थेट समीपस्थ नलिकेत ओढले जाते, तिथे डीएनएला चिकटते, आणि मूत्रपिंड आकसत जाते. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या उपचारात एका निरुपद्रवी मुळीच्या जागी चुकून याच कुळातली मुळी गेली. १९९३मध्ये ते उघड झाले, पुढे शंभरावर रुग्ण सापडले. शेवटच्या टप्प्यातल्या ३९ जणांची मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या तपासल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग मिळाला. वनस्पती एकच, पण नावे दोन, किंवा नाव एकच पण मुळ्या दोन, अशाने हे घडते. ज्याच्या डब्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅम नाहीत, ते घेऊ नका. ज्येष्ठमध असेल तर त्यातल्या ग्लिसिऱ्हिझिनने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते, हेही ध्यानात ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनचे मागचे अहवाल तारखांसह न्या, आणि पोटॅशियम तसेच लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासले आहे का ते विचारा. लघवी एकदम कमी झाली, पायांवर सूज आली किंवा दम लागू लागला तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : घरातल्या रुग्णाला सिस्प्लॅटिन सुरू होत आहे. सोबत एखादे ऑक्सिडीकरणरोधक द्यावे का?

उत्तर : आपल्या मनाने देऊ नका. ज्या यंत्रणेने मूत्रपिंडाची पेशी वाचते, तीच गाठीतल्या पेशीलाही वाचवू शकते. एनआरएफ-२ कायम जागे ठेवणाऱ्या गाठी औषधाला दाद देत नाहीत. ज्या निबंधात गाठ असलेल्या प्राण्यात गाठही मोजलेली नाही, त्यावरून हा निर्णय घेता येत नाही. मूत्रपिंड जपण्याचे सिद्ध मार्ग साधे आहेत : आधी व नंतर शिरेतून पुरेसे सलाईन, मॅग्नेशियम, आणि त्या काळात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांपासून दूर राहणे. उलट्यांमुळे पाणी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी कळवा. पाण्याची तूट त्या दिवसांत मूत्रपिंडाला फार महागात पडते.

प्रश्न : मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे, शरीराने ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस चालू आहे. बर्बेरीन घेतले तर चालेल का?

उत्तर : नाही. बर्बेरीन यकृत व आतड्यातल्या सीवायपी३ए४ या विकराला आवरते. सायक्लोस्पोरिन हे त्याच कामाचे औषध घेणाऱ्या प्रत्यारोपण रुग्णांत बर्बेरीनमुळे औषधाची रक्तातली पातळी वाढलेली आढळली आहे. टॅक्रोलिमसही याच विकराने मोडते, आणि त्याची पातळी वाढली की ते स्वतःच मूत्रपिंडाला इजा करते. ग्रेपफ्रूटच्या रसानेही पातळी अशीच चढते. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी याच्या उलट : ते विकर वाढवते, पातळी पाडते आणि शरीर नवे मूत्रपिंड नाकारू लागते. यांतले काही आधीच घेतले असेल तर टॅक्रोलिमसची मात्रा स्वतः बदलू नका. प्रत्यारोपण केंद्राला आजच कळवा आणि सकाळचा डोस घेण्याआधी रक्त देऊन औषधाची पातळी तपासून घ्या. सेंट जॉन्स वर्टचा परिणाम बंद केल्यावर साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. त्या काळात पडलेली पातळी पुन्हा चढू लागते, म्हणून एक तपासणी ठीक आली तरी पुढच्या टाळू नका.